छाती भरलेली, तरी जीव गुदमरतो

मराठवाड्यातील एका वाचक भगिनीचे पत्र गेले पंधरा दिवस आमच्या टेबलावर आहे. पत्र चार पानी आहे. त्यातली तीन पाने घरच्या सुखदुःखाची आहेत, ती त्यांच्याजवळच राहोत. चौथ्या पानावरचा मजकूर मात्र अनेक घरांच्या उपयोगाचा आहे, म्हणून तेवढाच येथे घेत आहोत. ताईंचे चिरंजीव शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर जर्मनीत इंजिनिअरिंगचे पुढचे शिक्षण घेत आहेत. तिथे विद्यार्थ्यांचा एक हौशी वाद्यवृंद आहे. त्याच्या तालमी ऐकता ऐकता या मुलाला ओबो नावाच्या वाद्याची ओढ लागली. वाद्य भाड्याने मिळाले, आठवड्यातून एकदा शिकवणारे गुरुजी मिळाले आणि अभ्यास सांभाळून तो फुंकू लागला. आता फोनवर तो सांगतो की, वाजवताना छाती हवेने भरलेली असते तरी जीव गुदमरतो, तोंड लाल होते, कधी डोके गरगरते. आईच्या पोटात गोळा आला. त्यात आजोबांनी नातवाशी बोलणेच सोडले आहे. गावच्या लग्नावरातीत सनई फुंकण्याचे काम एके काळी या घराकडे होते. ते काम आजोबांनी ऐन तारुण्यात टाकून दिले, त्यासाठी गावाचा रोष पत्करला, आणि आता नातू विलायतेत जाऊन पुन्हा पिपाणी तोंडाला लावतो, हे त्यांना सहन होत नाही.

म्हणजे प्रश्न दोन झाले. एक छातीचा, एक घराचा. ताईंनी पहिलाच विचारला आहे आणि दुसरा नुसता कळवला आहे. आमच्या मते दुसराही तेवढाच मोठा आहे. पण आधी वाद्याची ओळख करून घेऊ, कारण गुदमरण्याचे मूळ त्या वाद्याच्या बांधणीतच आहे.

ओबो हे नाव आपल्या घरांत फारसे कोणी घेत नाही, पण त्याचा आवाज पुष्कळांनी ऐकलेला असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंद कार्यक्रमापूर्वी सुरात येतो तेव्हा आधी एकच वाद्य एक लांब, स्थिर सूर धरते आणि बाकीचे सारे वादक आपापली वाद्ये त्या सुराशी मिळवून घेतात. तो सूर ओबोचा. सुमारे ६५ सेंटीमीटर लांबीची, बहुधा आफ्रिकेतील काळ्या, टणक लाकडाची नळी, आतून खाली रुंदावत गेलेली, आणि अंगावर चाव्यांची जाळी. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये त्याला हे रूप येऊ लागले. त्याआधी तिकडे जी जाडजूड, मोठ्या आवाजाची वाद्ये होती, ती आपल्या सनईच्याच गोत्यातली. चाव्या मनातल्या मनात काढून टाका, की ओबोची आणि सनईची भाऊबंदकी ध्यानात येईल. दोन्हींच्या तोंडाशी दोन पातळ पात्यांची पत्ती असते. फुंकले की ती पाती एकमेकांवर थरथरतात आणि नळीतली हवा बोलू लागते. ओबोची पत्ती बोरूच्या जातीच्या एका उंच गवताच्या कांडीपासून करतात. दक्षिण फ्रान्समधल्या कांड्यांना त्यासाठी मोठा मान आहे. मुरलेले वादक विकतच्या पत्तीवर अवलंबून न राहता स्वतः चाकू घेऊन तासन्‌तास पत्ती तासत बसतात आणि एवढे करूनही ती थोड्याच आठवड्यांत निकामी होते. वाजवणाऱ्याचा निम्मा जीव त्या पत्तीतच अडकलेला असतो म्हणा ना.

त्या दोन पात्यांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर, बहुधा त्याहूनही कमी. सगळी गंमत आणि सगळा त्रास या फटीत आहे. बासरी वाजवताना पुष्कळशी हवा भोकावरून बाहेरच निसटते, म्हणून बासरीवाल्याचा श्वास लवकर संपतो. ओबोचे उलटे आहे. एवढ्याशा फटीतून हवा जाऊन जाऊन जाणार किती? मात्र ती ढकलायला जोर खूप लागतो. फुग्यात पहिली फुंकर मारताना जसा विरोध जाणवतो, तसा विरोध इथे संपणारच नाही असे समजा. परिणाम असा होतो की वादकाने मोठा श्वास घेतला, अर्धा मिनिट सूर धरला, आणि पुढची जागा आली तरी छातीत निम्म्याहून अधिक हवा शिल्लकच.

पण ही शिल्लक हवा कामाची राहिलेली नसते. आपण आत घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. बाहेर टाकतो त्या हवेत तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड नगण्य प्रमाणावरून ४ टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. श्वास घेण्याची जी तीव्र ऊर्मी आपल्याला येते, ती मुख्यतः हा कार्बन डायऑक्साइड रक्तात साचल्यामुळे येते, प्राणवायू कमी झाल्यामुळे नंतर. फुप्फुसे भरलेली असोत की रिकामी, मेंदूला त्याची पर्वा नसते. कार्बन डायऑक्साइड वाढला की तो 'श्वास घे' म्हणून ओरडतो. ओबो वाजवणारा नवखा मुलगा त्या ओरडण्याला घाबरून भरलेल्या छातीवरच आणखी श्वास ओढतो. जुनी हवा आत, तिच्यावर नव्या हवेचा थर. दोनतीनदा असे झाले की छाती फुटेल असे वाटते, खांदे कानाला लागतात, मान आखडते आणि सूर चढा होऊ लागतो. ताई, तुमच्या मुलाला जे होते ते हेच. तो आजार नव्हे. ओबो शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला या दारातून जावे लागते.

उपाय ऐकायला सोपा आहे. आधी श्वास सोडायचा, मग घ्यायचा. आपल्याला लहानपणापासून सवय असते ती 'घे आणि सोड' अशी. ओबोवाल्याला ती उलटी फिरवावी लागते. ओळ संपली, पत्तीवरचे ओठ सैल केले, उरलेली हवा तोंडावाटे झटकन टाकली आणि मग नवी हवा घेतली. पण संगीतात एवढी जागा दर वेळी कोठून मिळणार? म्हणून जाणते वादक हिशेब करतात. एका विरामात फक्त सोडायचे आणि फुप्फुसात जी थोडी हवा राहते तिच्यावर पुढचा छोटा तुकडा वाजवायचा. पुढच्या विरामात फक्त घ्यायचे. कागदावर जिथे सोडायचे तिथे एक खूण आणि घ्यायचे तिथे दुसरी खूण, अशा पेन्सिलीच्या खुणा ते आधीच करून ठेवतात. या खुणा स्वरांइतक्याच पाठ व्हायला हव्यात. आणि दर वेळी छाती काठोकाठ भरायची नाही. पुढची ओळ लहान असेल तर घोटभरच घ्यायचे. एस.टी.ने शेजारच्या गावी जाताना कोणी आठ दिवसांचे सामान बांधत नाही.

हा हिशेब किती कठीण होऊ शकतो याचे एक उदाहरण सर्व ओबोवादकांच्या तोंडी असते. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४५ साली जॉन डी लान्सी नावाचा एक अमेरिकन सैनिक जर्मनीतील गार्मिश गावी वृद्ध संगीतकार रिचर्ड स्ट्राउस यांना भेटला. हा सैनिक युद्धापूर्वी पिट्सबर्गच्या वाद्यवृंदात ओबो वाजवत असे. त्याने स्ट्राउसना विचारले की, आपण ओबोसाठी स्वतंत्र मोठी रचना करण्याचा कधी विचार केला आहे काय? स्ट्राउस नाही म्हणाले आणि विषय तिथेच संपला. पण त्याच वर्षी त्यांनी ती रचना केली आणि १९४६च्या फेब्रुवारीत झुरिकला ती पहिल्यांदा वाजली. तिच्या सुरुवातीलाच ओबोला पन्नासहून अधिक मात्राखंड जवळजवळ विसावा नाही. त्या एका पानापायी वादक महिनोन्‌महिने श्वासाच्या खुणा खोडून पुन्हा मांडत बसतात.

डी लान्सी ज्यांच्या हाताखाली शिकले ते मार्सेल ताब्युतो मूळचे फ्रेंच. १९१५ ते १९५४ ते फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात होते आणि तिथल्या कर्टिस संस्थेत त्यांनी पुढच्या पिढ्या घडवल्या. त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा आम्हाला फार आवडते. ते सुरांना आकडे देत. एक म्हणजे अगदी क्षीण, दोन त्याहून थोडा भरीव, तीन, चार, असे चढत जायचे आणि तसेच उतरायचे. विद्यार्थ्याने एकच सूर धरून फुंकेचा जोर आकड्याआकड्याने वाढवायचा, मध्ये पायरी चुकवायची नाही. 'भावना ओता' वगैरे मोघम उपदेश करण्यापेक्षा आकडा देणे कितीतरी बरे. मोघम बोलणाऱ्या गुरुजींपुढे गरिबाचे आणि पहिल्या पिढीचे मूल नेहमीच मागे पडते. ज्याच्या घरात ते संगीत आधीपासून आहे त्याला मोघम बोलणे समजते, बाकीच्यांना आकडा लागतो.

आता जोराविषयी. हा जोर कोठून आणायचा? शिकवणारे सांगतात, 'पोटातून फुंक.' पोटात अर्थातच हवा जात नाही. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा एक पडदा आहे, त्याला मराठीत श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना हा पडदा खाली दबतो, त्यामुळे पोट पुढे येते आणि बरगड्या बाजूंनी फाकतात. हा पडदा श्वास आत घेण्याचे स्नायू-यंत्र आहे. बाहेर फुंकण्याचा जोर देतात ते पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू. दोघांची एकमेकांवर थोडी ओढाताण ठेवत हवा सोडली की ती धारेसारखी एकसारखी येते. गळा या भांडणात पडता कामा नये. जांभई देताना गळा जसा मोकळा होतो तसा तो राहिला पाहिजे. नवखा वादक पोटाने काम करण्याऐवजी गळा आवळतो आणि ओठांनी पत्ती चावतो. मग पत्तीची फट आणखी बारीक होते, आणखी जोर लागतो आणि गुदमरणे दुप्पट होते. तेव्हा तुमचा मुलगा गुदमरतो त्याचे निम्मे कारण छातीत नसून जबड्यात असण्याचा संभव आहे, हे त्याला जरूर कळवा.

यासाठी जे व्यायाम देतात ते कोणाच्याही घरी होण्यासारखे आहेत, वाद्य नसले तरी चालते. जमिनीवर उताणे पडून पोटावर एखादे जाड पुस्तक ठेवायचे आणि श्वासासरशी पुस्तक वर जाते की छातीच वर येते ते पाहायचे. पडून जमले की बसून, बसून जमले की उभ्याने. मग दातांतून 'स्स्स' असा आवाज काढत मनात आकडे मोजायचे. किती आकड्यांपर्यंत पोचलो याला महत्त्व नाही, आवाज पहिल्या आकड्याला जितका तितकाच शेवटच्या आकड्याला हवा. मेणबत्ती हातभर लांब ठेवून तिची ज्योत फुंकरीने एका बाजूला वाकवून धरायची. विझू द्यायची नाही आणि परत सरळही होऊ द्यायची नाही. आमच्या ओळखीची लहान मुले हा खेळ तास तास खेळतील, त्यांना आवरावे लागते. मोठ्यांना मात्र दुसऱ्या मिनिटालाच समजते की आपली फुंकर किती थरथरती आहे. पाण्याच्या पेल्यात नळी बुडवून एकसारखे बुडबुडे काढणे हा त्याचाच दुसरा प्रकार. करोनाच्या काळात दवाखान्यांतून तीन चेंडूंचे यंत्र घरोघरी आले, तेही काहीजण यासाठी काढतात. ते यंत्र सहसा श्वास आत ओढण्यासाठी असते, फुंकण्यासाठी नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

वाद्य हाती आल्यावर आधी नुसती पत्तीच फुंकायची असते. पाण्यात भिजवलेली पत्ती ओठांत धरून फुंकली की कावळ्यासारखा कर्कश आवाज येतो. इंग्रजी बोलणारे वादक त्याला कावळ्याचेच नाव देतात. घरातल्यांनी तेवढे दिवस सोसावे. मग रोज लांब सूर. एकच स्वर, अगदी हलका सुरू करून भरीव करायचा आणि पुन्हा हलका करत विझवायचा. दहा मिनिटे हे केले की थांबायचे. नव्या लाकडी वाद्यालाही सुरुवातीला रोज दहापंधरा मिनिटांहून जास्त वाजवत नाहीत, नाहीतर श्वासाच्या ओलाव्याने आणि उबेने लाकूड तडकते. वादकाच्या ओठांनाही तोच नियम लावावा.

आपल्या वाचकांपैकी बरेचजण आनापानसति करतात. त्यांच्यापैकी कोणी म्हणेल की हेही तेच. तसे नाही. आनापानसतीत श्वास जसा येतो जातो तसा नुसता पाहायचा असतो, त्याला लांब करायचे नाही, आखूड करायचे नाही. ओबोत श्वासाला कामाला जुंपायचे असते. पण एक फायदा आहे खरा. ज्याने श्वास पाहायची सवय केली आहे, त्याला तो केव्हा अडतो, खांदे केव्हा चढतात, हे इतरांपेक्षा लवकर कळते.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. सूर न तोडता श्वास घेता येतो. वादक गालांत थोडी हवा साठवतो. फुप्फुसातली हवा संपत आली की जिभेचा मागचा भाग उचलून घसा बंद करतो, गाल आवळून त्यातली हवा पत्तीत ढकलत राहतो आणि त्याच क्षणी नाकाने श्वास घेतो. मग घसा उघडून पुन्हा फुप्फुसाची हवा. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. शिकायची पद्धतही सांगतो. तोंडात पाणी घ्यायचे, गाल फुगवायचे आणि पाण्याची बारीक धार बाहेर सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा. मोरीत उभे राहून करावे हे बरे. ते जमले की पेल्यात नळी बुडवून, बुडबुडे न थांबवता नाकाने श्वास. नंतर नुसती पत्ती आणि शेवटी वाद्य. अधूनमधून सूर हेलकावतो, तो हेलकावा घालवायला महिने लागतात. ओबोत आणखी एक अडचण अशी की नुसते घेऊन भागत नाही, साचलेली जुनी हवाही टाकावी लागते. म्हणून गालांच्या हवेवर सूर चालू असताना नाकाने आधी सोडणे आणि पुढच्या फेरीला घेणे, इथवर काही वादक मजल मारतात. स्वित्झर्लंडचे हाइन्झ होलिगर हे या विद्येतले मोठे नाव. इटलीच्या लुचानो बेरिओ यांनी १९६९ साली त्यांच्यासाठी एकट्या ओबोची जी रचना केली, तिच्या वादनात एक सूर मागे सतत वाजत ठेवलेला असतो.

मागे सतत वाजणारा सूर म्हटल्यावर आपल्याकडच्या कोणाला काय आठवेल? सनईच्या ताफ्यातला सूर धरणारा माणूस. पुढचा सनईवाला चीजा वाजवतो, त्याला टाळ्या मिळतात. मागे एकजण तास तास एकच सूर धरून बसतो आणि तो सूर क्षणभरही तुटत नाही. गाल फुगलेले, डोळे कोठेतरी लागलेले. तो श्वास कधी घेतो हे मांडवातल्या कोणालाही कळत नाही. दक्षिणेतल्या नागस्वरमबरोबरही असाच सूर धरणारा असतो. बिस्मिल्ला खाँसाहेबांमुळे सनई दिवाणखान्यात गेली, त्यांना २००१ साली भारतरत्न मिळाले, ते योग्यच झाले. पण वेशीबाहेर राहून गावाच्या लग्नात सूर धरणाऱ्याला मांडवाच्या कडेलाच बसावे लागे. त्याला 'वाजंत्री' एवढेच नाव होते. हे काम मातंग, होलार आणि काही ठिकाणी महार समाजाच्या वाट्याला टाकलेले होते. टाकलेले होते, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. नाही म्हणायची सोय नव्हती.

म्हणून आजोबांचा राग आम्हाला समजतो आणि ताईंनीही त्याला म्हातारपणचा हट्ट समजू नये. १९२७च्या महाडनंतर आणि १९५६च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावी आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकीची कामे सोडली, आणि ज्यांच्याकडे वाजवणे होते त्यांनी वाजवणेही सोडले. ते सोडताना पोटाला चिमटा बसला, मार बसला, बहिष्कार पडला. ज्याने एवढे सोसून सनई खाली ठेवली, त्याला नातवाच्या ओठांवर पत्ती पाहून काय वाटत असेल? पण सनई खाली ठेवली ती ती वाईट होती म्हणून नव्हे. ती वाजवायला लावणारा हुकूम वाईट होता. जलशांतून आणि गायनपार्ट्यांतून आपल्याच लोकांनी गाणे चळवळीला जुंपले, तेव्हा गाणे कोणाला वर्ज्य वाटले नाही. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. नातू जे करतो आहे ते कोणाच्या हुकमाने करत नाही. त्यासाठी तो भाडे मोजतो, वेळ मोजतो, आणि मनात येईल त्या दिवशी ते ठेवूनही देऊ शकतो. आजोबांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही, तो त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असेल? त्यांना फक्त तो नातवाच्या तोंडून ऐकायचा असेल.

आणि एक गोष्ट ताईंना सुचवतो. गालांत हवा धरून नाकाने श्वास घ्यायची जी विद्या शिकायला तुमच्या मुलाला महिने घालवावे लागतील, ती आजोबांना बहुधा येत होती. तरुणपणी सनई फुंकलेल्या माणसाला सूर धरणे ठाऊक असते. मुलाने फोन करून त्यांना विचारावे की, दम कसा राखायचा? वाद्यावर जो दम टिकतो त्याला आपल्या लोकांनी 'दमसास' हा शब्द ठेवला आहे. तो वापरला तर ओबो म्हणजे काय हे समजावत बसावे लागणार नाही. आजोबा बोलतील की नाही, हे आम्ही इथे बसून कसे सांगणार? पण विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न आम्हाला दिसत नाही. त्यांचे उत्तर आले तर ते लिहून ठेवा. त्या माणसांनी काय केले ते बोटांत आणि गालांतच राहिले, कागदावर फार थोडे आले.

बौद्ध वाचकांना आणखी एक माहिती आवडेल. तिबेटी परंपरेच्या विहारांत ग्यालिंग नावाचे वाद्य असते. तेही दोन पात्यांच्या पत्तीचे, ओबो-सनईच्याच कुळातले. भिक्खू ते जोडीने वाजवतात आणि गालांतल्या हवेची हीच युक्ती वापरून सूर अखंड ठेवतात. लडाखला गेलेल्यांनी तो आवाज ऐकला असेल. श्रीलंकेतल्या विहारांत ढोलांबरोबर जे होरणेव वाजते, तेही याच कुळातले. तेव्हा 'आपल्या धम्माशी या पिपाणीचा काय संबंध' असे कोणी म्हणत असेल तर त्याला हे सांगावे.

तब्येतीचे थोडे राहिले. फुंकून फुंकून फुप्फुसे फाटतात, क्षय होतो, या वावड्या आहेत. क्षय जंतूंमुळे होतो, फुंकण्यामुळे नव्हे. ओबो वाजवून माणूस वेडा होतो अशीही एक जुनी वावडी युरोपात होती, म्हणजे वावड्यांच्या बाबतीत तेही काही मागे नाहीत. पण जोराने फुंकताना छातीतला आणि डोक्यातला दाब क्षणभर वाढतो, हे खरे आहे. अशी जोर लागणारी वाद्ये वाजवताना डोळ्यांतला दाबही तेवढ्यापुरता वाढतो, हे डॉक्टरांनी मोजून पाहिले आहे. म्हणून ज्याला काचबिंदू आहे, रक्तदाब आहे, हर्निया आहे किंवा नुकतेच ऑपरेशन झाले आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ओबो किंवा सनई धरू नये. फार वेळ वाजवल्यावर काहींच्या नाकातून फसफस हवा येऊ लागते. टाळूच्या मागचा पडदा दमल्याची ती खूण, तेव्हा वाजवणे थांबवावे. डोके गरगरले तर बसावे, वाद्य खाली ठेवावे आणि साधा श्वास चालू द्यावा. विसाव्याने गरगरणे गेले तर काळजी नाही. वाद्य न वाजवतानाही गरगरत असेल, छातीत दुखत असेल, तर मग वाद्याचा दोष न काढता सरळ डॉक्टरांकडे जावे. जर्मनीत विद्यार्थ्यांना आरोग्यविमा सक्तीचा आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने मुलाने टाळाटाळ करू नये.

हे वाचून आपल्याकडचे कोणी मुलासाठी ओबो शोधायला निघतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. चांगला ओबो लाखांच्या घरात जातो आणि शिकवणारे मोठ्या शहरांतही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मूल आठनऊ वर्षांचे असेल तर साधी बासरी किंवा शाळांतून मिळणारा प्लॅस्टिकचा रेकॉर्डर घ्यावा. पुढचे पक्के दात आल्यावर आणि मनगटात बळ आल्यावर सनईकडे वळता येते. सनई शिकवणारे आपल्या जिल्ह्यात नक्कीच कोणीतरी असतील, फार तर दोन गावे पलीकडे. रेकॉर्डरला जोर लागत नाही, उलट जास्त जोर केला की तो किंचाळतो, त्यामुळे हलकी आणि एकसारखी फुंकर आपोआप अंगवळणी पडते. रोज दहा मिनिटे पुरेत. जेवणानंतर लगेच नको, आणि भावंडांनी एकमेकांची बासरी तोंडाला लावायची नाही. वाजवून झाल्यावर आतून फडक्याने पुसून ती उघड्यावर वाळू द्यावी.